हिरव्या काठाचं करडं बटण

मिरजेत मामाचं औषधांचं दुकान आहे. २०२० च्या पावसाळ्यात मी त्याला एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. बिलिंगचं सॉफ्टवेअर त्याच्याकडे होतंच, पण कुठल्या बॅचची एक्सपायरी कधी आहे हे तो एका वहीत लिहायचा आणि ती वही कायम काउंटरखालच्या खोक्यात गडप झालेली असायची. म्हणून औषधाचं नाव, बॅच, एक्सपायरी, किती स्ट्रिपा उरल्यात, एवढंच. तीन महिन्यांच्या आत एक्सपायर होणारी ओळ लाल. खाली एक मोठं हिरवं बटण, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'परत पाठवा'. ते दाबलं की माल स्टॉकिस्टकडे परत द्यायच्या यादीत जाणार.

पायथॉन भाषेत, खिडक्या-बटणं बनवायचं टीकिंटर वापरून लिहिलं. पुण्यात, माझ्या उबुंटूच्या, म्हणजे लिनक्सच्या लॅपटॉपवर. त्या हिरव्या रंगाची छटा निवडण्यात मी अर्धा रविवार घालवला, हे कबूल करतो. मामाकडे विंडोज १०. प्रोग्रॅम पाठवला, त्याने चालू केला आणि दहा मिनिटांत फोन.

"अरे, खालचं बटण कोरं आहे."

"कोरं म्हणजे?"

"कोरं म्हणजे कोरं. काही लिहिलेलंच नाही त्यावर. आणि तू सांगत होतास तो लाल रंग कुठाय?"

मग व्हिडिओ कॉल. मामाने मोबाइल मॉनिटरसमोर धरला. बटण करडं होतं. त्याच्या चारी बाजूंनी हिरव्या रंगाची बारीक रेघ, लुगड्याच्या काठासारखी. माझ्या अर्ध्या रविवारातलं तेवढंच शिल्लक राहिलेलं. आणि मधे फिकट करड्यावर पांढरी अक्षरं. ती आहेत हे माहीत असेल तरच दिसणारी.

म्हणजे विंडोजने माझा अक्षरांचा रंग ऐकला आणि पार्श्वभूमीचा ऐकला नाही. दोन्ही नाकारले असते तर निदान बटण वाचता तरी आलं असतं.

याचं कारण शोधताना मजा आली. टीकिंटरमधला टीटीके हा भाग लिनक्सवर बटणं स्वतःच रंगवतो, त्यामुळे सांगाल तो रंग लागतो. विंडोजवर मात्र त्याची नेहमीची थीम, म्हणजे रंगरूपाचा साचा, 'व्हिस्टा' नावाची असते आणि ती बटण काढायचं काम सरळ विंडोजकडे सोपवते. विंडोज ९५-९८ च्या काळात बटण म्हणजे एक रंगवलेला चौकोन आणि चार रेघा. २००१ साली एक्सपी आलं, तेव्हापासून बटण हे थीमच्या फाइलमधलं तयार चित्र झालं. कोपरे तसेच ठेवून मधला भाग हवा तेवढा ताणायचा. ते चित्र काढणाऱ्या फंक्शनचं नाव ड्रॉ-थीम-बॅकग्राउंड. त्याला सहा गोष्टी द्याव्या लागतात: कुठली थीम, कशावर काढायचं, कुठला भाग, तो कुठल्या अवस्थेत आहे (दाबलेला, बंद वगैरे), कुठल्या चौकोनात, आणि कापायचं असेल तर कुठे. बस. रंग सांगायला जागाच नाही! मी इतका वेळ समजत होतो की विंडोज माझं ऐकून दुर्लक्ष करतंय. माझा रंग त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. टीटीकेने तो इमानदारीत चित्राच्या मागे फासला होता आणि चित्राबाहेर जेवढा उरला तेवढा काठ दिसत होता.

लाल ओळींचं खापरही मी थीमवरच फोडून मोकळा झालो होतो. ते चुकीचं निघालं. टीकिंटर ज्याच्यावर उभं आहे त्याचं नाव 'टीके'. मामाच्या मशीनवर पायथॉनबरोबर त्याची ८.६.९ ही आवृत्ती आली होती आणि नेमक्या तिच्यात यादीतल्या ओळींना दिलेले रंग न लागण्याचा बग होता. माझ्याकडे ८.६.१०, त्यात तो दुरुस्त झालेला. स्टाइलच्या मॅपमधली, म्हणजे कुठल्या अवस्थेत कुठला रंग या यादीतली, एक नोंद गाळणारं चार ओळींचं फंक्शन टाकलं आणि ओळी लाल झाल्या. त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली, ते सोडा.

बटणासाठी मी थीमच बदलली. 'क्लॅम' नावाची थीम सगळं स्वतः काढते, विंडोजला विचारत नाही. एक ओळ, आणि हिरवं बटण हिरवं. मामा खूश.

चार दिवसांनी बापूंची तक्रार आली. बापू दुकानात माझ्या लहानपणापासून आहेत. तेव्हा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लॉकडाउनमुळे लांबलं होतं. दुपारी मामा जेवायला गेला की ते डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकदम दाबून हाय कॉन्ट्रास्ट चालू करत. काळा पडदा, ठळक अक्षरं. सगळं काळं व्हायचं, फक्त माझा प्रोग्रॅम सोडून. क्लॅमचा मातकट पांढरा रंग तिच्यातच लिहिलेला असतो.

"बाळ, तुझं ते उघडलं की डोळ्यांत बॅटरी मारल्यासारखं होतं," बापू म्हणाले.

क्लॅम काढली. अक्षरांचा पांढरा रंगही काढला. आता बटण विंडोज देईल तसं, करडं तर करडं. पण बापूंनी काळं केलं आणि प्रोग्रॅम बंद करून उघडला की तेही काळं होतं. लाल रंगाचीही काळ्यावर खात्री नव्हती, म्हणून त्या ओळी यादीत सगळ्यात वर आणल्या आणि पहिल्या रकान्यात 'मुदत जवळ' असं अक्षरांतच लिहिलं. बापूंना ते पटलं. वहीतही ते तसंच लिहीत होते म्हणे.

मामाला अजून हिरवं हवंय. मी दाद देत नाही म्हटल्यावर तो स्वतःच सेटिंग्जमध्ये गेला, रंगांच्या पानावर हिरवा निवडला आणि मला फोटो पाठवला. प्रत्येक विंडोची वरची पट्टी हिरवीगार. खाली बटण करडं.