डोंगरातल्या तळ्यात डाइव्ह: आधी घाट मोजा, मग खोली

निळ्याशार सरोवराचा फोटो पाहिला की पहिला प्रश्न येतो, खोल किती? तो जरा बाजूला ठेवा. तळं समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे आणि परतीच्या रस्त्यावरचा सगळ्यात उंच घाटमाथा किती मीटरवर आहे, हे दोन आकडे आधी वहीत लिहा. किती खोल जायचं, किती वेळ राहायचं आणि शेवटची डाइव्ह कधी उरकायची, हे सगळं त्यांच्यावरच ठरतं.

३०० मीटरच्या वर गेलं की कोणत्या खोलीवर किती मिनिटं राहता येतं हे सांगणारे नेहमीचे डाइव्ह तक्ते जसेच्या तसे चालत नाहीत. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१३ मिलिबार असतो, २००० मीटरवर तो ७९५च्या आसपास येतो. पाण्याखाली शरीरात मुरलेला नायट्रोजन वर आल्यावर या विरळ हवेत सुटा होतो, म्हणजे रक्तात आणि सांध्यांत आजार आणणाऱ्या बुडबुड्यांना (डीकम्प्रेशनचा आजार तो हाच) रान मोकळं. म्हणून खरी खोली १०१३ भागिले ७९५ने, म्हणजे १.२७ने गुणायची. १८ मीटरची डाइव्ह तक्त्यासाठी २३ मीटरची होते. पाडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या मेट्रिक तक्त्यात १८ मीटरला ५६ मिनिटं मिळतात. २३ची ओळच नाही, म्हणून पुढची २५ची घ्यायची, तिथे फक्त २९. अर्धा वेळ गेला. गोडं पाणी थोडं हलकं असल्याने खरा आकडा किंचित कमी येतो, पण ती सूट खर्चू नये, पदरात राहू द्यावी. सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येताना नायट्रोजन सुटावा म्हणून घेतलेल्या थांब्याला, हिशेब उलटा: ५ मीटरऐवजी साधारण ४. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत.

मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर हे सगळं स्वतः करतो, पण तळ्याकाठच्या हवेचा दाब त्याला कळला तरच. काही मॉडेलमध्ये उंचीची पातळी हाताने टाकावी लागते. जी आपोआप ओळखतात तीही पाण्यात शिरायच्या आधी, काठावर असतानाच सुरू करा. खोली दाखवणारा जुना सुईचा गेज समुद्रसपाटीच्या दाबावर शून्य धरलेला असतो. २००० मीटरवर तो खोली दोनेक मीटर कमी दाखवतो. चूक नेमकी धोक्याच्या बाजूला.

गाडीने थेट वर पोचलात तर तुम्ही आधीच एक डाइव्ह करून आल्यासारखे आहात, कारण अंगातला नायट्रोजन अजून खालच्या दाबाचा असतो. सहा तास थांबा; एक रात्र मुक्काम केला तर फारच उत्तम. २५०० मीटरच्या वर तर रात्र हवीच, कारण विरळ हवेची डोकेदुखी आणि डीकम्प्रेशनची डोकेदुखी यांतला फरक काठावर उभं राहून कुणाला सांगता येत नाही. दिवसाला दोनच डाइव्ह. शेवटच्या दिवशी एकही नको: विमानासाठी एका डाइव्हनंतर १२ आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास थांबायचा सल्ला असतो, तोच घाटमाथ्यालाही लावावा असं माझं मत. तळं १५०० मीटरवर आणि खिंड २३०० मीटरवर असेल तर ओल्या केसांनी गाडीत बसणं म्हणजे आपण होऊन आजार ओढवून घेणं.

आता थंडी. माणसं सूटची चिंता करतात, फसतो मात्र रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून तोंडाशी देणारं यंत्र. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, त्यामुळे खोल तळ्याच्या बुडाशी भर उन्हाळ्यातही तेवढंच तापमान सापडतं. वर १८ अंश, मग दोन-तीन मीटरच्या पट्ट्यात एकदम घसरण. सिलिंडरमधली २०० बारची हवा फर्स्ट स्टेजमध्ये, म्हणजे रेग्युलेटरच्या सिलिंडरवर बसणाऱ्या भागात, दहाएक बारवर उतरते आणि फुगताना कडाक्याची गार पडते. आजूबाजूचं पाणी आधीच ४ अंशांचं असेल तर स्प्रिंगभोवती बर्फ धरतो, झडप मिटत नाही आणि तोंडातून हवेचा फवारा सुरू होतो. १२ लिटरचा सिलिंडर मग काही मिनिटांत रिकामा. १० अंशांखाली बंदिस्त, थंड पाण्यासाठीचाच फर्स्ट स्टेज लावा. काठावर गोठत्या हवेत ‘चालतोय का बघू’ म्हणून श्वास घेऊन पाहू नका, तोंडाची वाफ आत गोठते. तोंडातल्या भागावरचं, हवा जोरात सोडणारं पर्ज बटण दाबू नका. तरंगण्यासाठीच्या जॅकेटमध्ये हवा भरायची तर छोट्या छोट्या दाबांनी, आणि त्याच क्षणी श्वास ओढायचा नाही. खरा उपाय म्हणजे दोन तोंडांचा व्हॉल्व्ह आणि त्यावर दोन स्वतंत्र रेग्युलेटर. फवारा सुटला की ती बाजू बंद करून दुसरीवर जायचं. जाड हातमोजे घालून तो नॉब फिरवायचा सराव उथळ पाण्यात आधी करून घ्या.

हवेचा हिशेबही थंडीत आक्रसतो. भरताना ४० अंशांवर तापलेला २०० बारचा सिलिंडर ४ अंशांच्या पाण्यात १७७वर येतो. गळती नाही, नुसती थंडी. पण कागदावर २०० धरून एक-तृतीयांशाचा नियम (एक भाग जायला, एक परतायला, एक राखीव) लावलात तर सुरुवातच चुकलेली.

वजनाचं थोडक्यात: माणूस आणि सामान मिळून १०० किलो असेल तर समुद्रापेक्षा सुमारे अडीच किलो शिसं कमी लागतं. अंदाजावर सोडू नका, ५० बार उरलेल्या सिलिंडरने सेफ्टी स्टॉपच्या खोलीवर तपासा.

पाणी नितळ असतं कारण त्यात पोषक द्रव्यं नाहीत, म्हणून शेवाळ नाही. पण हिमनदीचं तळं वितळीच्या दिवसांत दगडाच्या पिठाने दुधाळ होतं. अशा ठिकाणी शरद ऋतू बरा. तळाचा गाळ इतका बारीक की पायातला एक फीन चुकीचा आपटला की तुमची आणि बडीची, म्हणजे जोडीदाराचीही, डाइव्ह संपली. बेडकासारखी आडवी लाथ मारा.

परवानगी ताज्या माहितीवरूनच पाहा. ऑस्ट्रियातल्या ग्र्युनर झे या तळ्याचे पाण्याखालच्या बाकांचे व्हिडिओ अजून फिरतात, पण तिथे २०१६पासून डायव्हिंगला बंदी आहे. न्यूझीलंडचं रोटोमायरेव्हेनुआ तळं, जिथे ७० मीटरच्या पुढे दिसतं, ते माओरींसाठी पवित्र आहे, काठावरूनच बघायचं. आणि एका तळ्याचं ओलं सामान दुसऱ्यात बुडवू नका. क्वाग्गा शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, जॅकेटच्या आत उरलेल्या घोटभर पाण्यातूनही ती प्रवास करतात. आतलं पाणी ओता, गरम पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या.

शेवटी ऑक्सिजन, डीकम्प्रेशनचा आजार झालाच तर रुग्णालयापर्यंत द्यायला. मिनिटाला १५ लिटर धरा. सगळ्यात जवळचं प्रेशर चेंबर (या आजारावर उपचार होतात ती दाबाची खोली) असलेलं रुग्णालय दोन तासांवर असेल तर १८०० लिटर लागतील. ५ लिटरच्या, २०० बारच्या सिलिंडरमध्ये हजारच असतात, म्हणजे दोन घ्या. तिथवरचा रस्ता नकाशावर बोटाने काढून पाहा. जवळचं रुग्णालय खिंडीपलीकडे आणि लांबचं दरीच्या उताराला असेल, तर कोणतं निवडायचं हे डाइव्ह डॉक्टरांना निघण्याआधीच विचारून त्यांचा फोन नंबर गाडीच्या काचेवर चिकटवा.