धर्माची गाय आणि आप्पांची कॉन्टेसा

कोल्हापुरात जुनी गाडी कुणी टाकून देत नाही, ती दारात उभी राहते. शिवाजी पेठ घ्या नाहीतर मंगळवार पेठ, कुठल्याही गल्लीत कव्हर घातलेलं एक धूड असतंच, टायर बसलेले, टपावर मांजर झोपलेलं, आणि मालकाला विचारलं की उत्तर ठरलेलं, "चालू कंडिशन हाय, फक्त बॅटरी टाकायची." नादच आहे गावाला. जिथं दसऱ्याला राजघराण्याची १९३० च्या दशकातली मेबॅक मोटार अजून दिमाखात दसरा चौकात येते, तिथं नव्वदच्या दशकातली गाडी जुनी म्हणायची पण सोय नाही.

आमच्या दारात होती कॉन्टेसा. नवीन पोरांना सांगायला पाहिजे म्हणून सांगतो, हिंदुस्तान मोटर्स, म्हणजे अँबॅसिडरवाले, त्यांनीच ऐंशीच्या दशकात ही काढली, सांगाडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा आणि सुरुवातीला आत इंजिन अँबॅसिडरचंच, त्यामुळं दिसायला पैलवान पण चढ आला की धाप. नंतर इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं तेव्हा कुठं गाडीला गाडीपण आलं. आमची ती इसुझूवाली. आप्पांनी सेकंडहँड घेतली होती आणि गगनबावड्याचा घाट ती थर्डमध्ये चढते हे आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितलं जायचं, पाहुणा सोयरिकीला आलेला का असंना.

लांब इतकी की गल्लीत लावली की रिक्षा अडायची. डिकीत गुळाच्या ढेपा बसायच्या, वर दोन पोरं बसली तरी झाकण लागायचं. मागच्या सीटच्या शिवणीत जोतिबाचा गुलाल आहे, तो कितीही व्हॅक्यूम मारा निघत नाही, बोट घातलं की नखात गुलाबी येतंच. डॅशच्या कप्प्यात पीयूसीच्या पावत्यांचा गठ्ठा, एक पाना, आणि नरसोबाच्या वाडीच्या प्रसादाची पुडी, ती कुठल्या सालची कुणास ठाऊक.

तर आप्पांचं गाडी चालवणं डॉक्टरांनी बंद केलं आणि प्रश्न उभा राहिला. विकायची नाही, हा आप्पांचा हुकूम. विकली की कोण तरी घेणार, इंजिन काढून कशाला तरी लावणार, उद्यमनगरातल्या वर्कशॉपात दारं एकीकडं आणि डिफरन्शियल दुसरीकडं. स्क्रॅप हा शब्द तर घरात काढायचाच नाही. "कुठल्या तरी संस्थेला देऊन टाक, चांगल्या कामाला लागू दे." आई म्हणाली, "दान करायचंय की पोरगी उजवायचीय?" बरोबर होतं तिचं, कारण आप्पांच्या अटी ऐकल्या तर संस्था शोधायची होती की स्थळ तेच कळत नव्हतं. गाडी सावलीत लावायला पाहिजे, पोराटोरांच्या हातात द्यायची नाही, आणि वर्षातनं एकदा बघायला आलं तर चहा पाजला पाहिजे.

आमच्या ओळखीतला एक वृद्धाश्रम आहे गावाबाहेर. तिथल्या व्यवस्थापक ताई स्वतः गाडी बघायला आल्या. आपल्याकडं म्हण आहे ना, धर्माचे गायी आणि दात का गे नाही, फुकटच्या गाईचे दात बघू नयेत म्हणतात. ताईंनी एकेक दात मोजला. आणि मला त्या बाईंचं कौतुकच वाटलं, खरं सांगतो.

पहिला प्रश्न, ॲव्हरेज किती? सात-आठ, म्हटलं. पेट्रोल शंभराच्या वर. दुसरा, इन्शुरन्स? दीड हजार सीसीच्या वरची गाडी, म्हणजे नुसता थर्ड पार्टीच जवळजवळ आठ हजार, वर जीएसटी. तिसरा, पासिंग कधी संपतंय? इथं आप्पा जरा खाकरले. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी आरटीओत नोंदणी नवीन करायची, त्याची फी आधी ६०० रुपये होती ती एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारला १०,००० केली, शिवाय हरित कर वेगळा. ताई हे सगळं पाठीमागच्या सीटवर बसून ऐकत होत्या, आणि मग उतरायला लागल्या तेव्हा दरवाजाला धरून, हुं करून उठल्या आणि म्हणाल्या, "मला उठायला एवढं लागतंय, आमच्या आज्ज्यांचे गुडघे वाकत नाहीत, त्यांना इतक्या खाली बसवायचं कसं आणि बाहेर काढायचं कसं? आम्हाला सरकत्या दाराची व्हॅन लागते ओ आप्पा. ही लग्नाच्या नवरदेवाला बरी."

आप्पा दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाहीत.

मधल्या काळात न्यू जर्सीतल्या भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. त्यानं सांगितलं की मामा, इकडं तर हे रोजचंच आहे, जुनी कार दान करायची म्हटलं की फोन करायचा, संस्थेचा टोइंगवाला फुकट येऊन ओढून नेतो, बंद असली तरी चालते, आणि टॅक्समध्ये सूट मिळते. आप्पांचे डोळे चमकले. बघ, तिकडं कदर आहे! मग त्यानं पुढचं सांगितलं. संस्था ती गाडी बहुतेक वेळा वापरत नाहीच, लिलावात काढते, आणि २००५ पासून नियम असा की गाडी ५०० डॉलरच्या वर गेली तर साधारण जेवढ्याला विकली तेवढीच सूट, तुम्ही मनात धरलेली किंमत नाही. म्हणजे तिथं पण शेवटी भंगारवाला नाहीतर लिलाववालाच, फक्त मधे संस्थेची पावती. आपल्याकडं तर तेवढंही नाही, आयकरातली देणगीची सूट, जिला ८०जी म्हणतात, ती पैशाच्या दानाला आहे, वस्तूला नाही, आणि रोख दिले तर २,००० च्या वर तीही नाही. गाडी द्या, फ्रीज द्या, टॅक्सच्या हिशोबात शून्य.

मला आपलं असं वाटतं की वस्तू दान करताना आपण संस्थेला काय पाहिजे हे फार उशिरा बघतो, आधी आपल्या वस्तूला घर शोधतो. पैसे दिले की ते गेले, त्यांच्यावर आपलं नाव राहत नाही. गाडी दिली की आपण रस्त्यानं जाताना म्हणू शकतो, ती बघा आपली. २०१९ च्या पुरात कोल्हापूरला मदतीचा अक्षरशः ओघ लागला होता, त्यात लोकांनी जीव तोडून केलेलं काम मी बघितलंय, आणि त्याच वेळी जुन्या कपड्यांचे ढीगही बघितलेत, घालवायचे होते म्हणून पाठवलेले. अंगावर चिखल असलेल्या माणसाला कुणाचा तरी जरीचा ब्लाऊज काय कामाचा? कॉन्टेसा त्यातलीच नाही म्हणायला मला पण जड जात होतं.

शेवटी तोडगा आमच्या मेकॅनिकनं काढला. "आप्पा, तुमी उगंच टेन्शन घेतायसा. कॉन्टेसाला आता नादवाली पोरं शोधत्यात. भंगारात न्हाई जात ती, शोला जाती." आणि खरंच इचलकरंजीचा एक पोरगा आला, पंचविशीतला, गाडीखाली पाठीवर आडवा होऊन सरकला आणि बाहेर येऊन आप्पांनाच विचारायला लागला की कार्बोरेटर ओरिजिनल ठेवलाय का. आप्पांचा चेहरा बघण्यासारखा होता. भाव काय झाला ते सांगत नाही, पण आम्ही धरला होता त्याच्यापेक्षा बरा झाला, आणि गुलाल काढणार नाही असं तो स्वतःहून बोलला, आप्पांनी अट घालायच्या आधी.

एक गोष्ट मात्र मी हट्टानं केली. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, तरी आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीवर, त्या पोराचं नाव चढेपर्यंत किल्ली दिली नाही. विका नाहीतर दान करा, कागदावर नाव आपलं असंल आणि त्या गाडीनं कुणाला उडवलं तर नुकसानभरपाईला मालक म्हणून आपणच उभे, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय. घरच्या माणसाला दिली तरी हे करा, नंतर जड जातं.

पैसे वृद्धाश्रमाच्या खात्यावर ट्रान्सफर केले, आप्पांच्याच नावानं. ताईंचा फोन आला, व्हॅनच्या डाउनपेमेंटला उपयोग होणार म्हणाल्या, आप्पांनी विचारलं पेट्रोल घेताय की सीएनजी, आणि त्यावर दोघांची चांगली अर्धा तास जुंपली. ठेवता ठेवता ताई म्हणाल्या, "आणि आप्पा, तुमच्या माळ्यावर अजून काय जुनं असलं तर ते पण असंच आधी विकूनच आणा."

आता आप्पा शिलाई मशीनकडं बघायला लागलेत. आईनं त्याच्यावर टेबलक्लॉथ टाकून वर फुलदाणी ठेवलीय.