राउटर निवडला तो भिंती मोजून

इंटरनेट कंपनीने जोडणीबरोबर दिलेला डबा दारालगतच्या खोलीत उत्तम चालायचा. शेवटच्या खोलीत मात्र व्हिडिओ कॉल सुरू झाला की आवाज तुटायचा, आणि माझं कामाचं टेबल नेमकं तिथेच. म्हणून वेगळा वाय-फाय राउटर घ्यायचं ठरवलं.

शोधायला बसले तर खोक्यांवर आकडेच आकडे. एसी १२००, एएक्स १५००, एएक्स ३०००. एसी म्हणजे वाय-फायची पाचवी पिढी, एएक्स म्हणजे सहावी. ३०००चा राउटर १५००च्या दुप्पट वेगवान असणार, असं कुणालाही वाटेल. पण हा आकडा म्हणजे निव्वळ बेरीज असते. एएक्स ३०००मध्ये २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यावरचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवरचे २४०२ मेगाबिट मिळवतात आणि थोडं वर सरकवून ३००० छापतात. फोन एका वेळी सहसा एकाच पट्ट्यावर असतो, त्याला या बेरजेचा उपयोग काय? त्यातही २४०२ मिळायला १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल, म्हणजे पट्ट्यातली तेवढी रुंद वाट, लागतो. माझा फोन आणि लॅपटॉप दोन्ही ८० मेगाहर्ट्झपर्यंतच जातात, म्हणजे त्यांची कमाल १२०१. आणि एएक्स १५००चा राउटरही ५ गिगाहर्ट्झवर तेवढेच देतो! हेही आकडे कागदावरचे. प्रत्यक्षात हाती त्यापेक्षा बरंच कमी पडतं. माझी जोडणी १०० मेगाबिटची. तिला ३०००चा राउटर म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

म्हणजे अडचण वेगाची नव्हतीच, सिग्नल पोहोचण्याची होती. फोनमध्ये सिग्नल मोजणारं एक फुकट अ‍ॅप टाकलं आणि घरभर फिरले. सिग्नल डीबीएममध्ये मोजतात. आकडा उणे असतो आणि शून्यापासून जितका लांब, तितका सिग्नल अशक्त. दर १० आकड्यांना ताकद एकदशांश होते. व्हिडिओ कॉलसाठी साधारण उणे ६७ तरी हवा असं मानतात. ५ गिगाहर्ट्झवर डब्याजवळ उणे ४० होता, मधल्या खोलीत उणे ५८ आणि शेवटच्या खोलीत उणे ७९. लाकडी दार लावल्याने फारसा फरक पडला नाही, पण लोखंडी कपाटाच्या आड उभी राहिले की आकडा धाडकन खाली. २.४ गिगाहर्ट्झ भिंतींतून जास्त चांगला जातो, शेवटच्या खोलीतही तो उणे ६५ होता. पण त्या पट्ट्यावर आजूबाजूचे सगळेच राउटर दाटीवाटीने बसलेले, आणि एकमेकांवर न चढणारे चॅनेल तिथे तीनच: १, ६ आणि ११. मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथल्याच लहरी वापरतो.

‘जास्त अँटेनांचा, लांब पल्ल्याचा राउटर घे,’ हा सल्ला बहुतेकांनी दिला. तो मला पटला नाही. राउटरने किती ताकदीने सिग्नल सोडावा याला कायद्याची मर्यादा असते, महागड्या राउटरलाही ती ओलांडता येत नाही. शिवाय फोनलाही राउटरला उत्तर द्यावं लागतं, आणि बॅटरीवर चालणाऱ्या फोनचा रेडिओ दुबळाच असतो. समोरचा कितीही खणखणीत बोलला तरी आपला बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, तसं हे. फोनवर सिग्नलच्या कांड्या भरलेल्या आणि पान काही उघडत नाही, असं होतं त्यामागे बरेचदा हेच कारण असतं. तेव्हा डबा दांडगा असण्यापेक्षा तो जवळ असणं महत्त्वाचं होतं.

जवळ आणायचे दोन मार्ग होते. एक मेश संच. दोन-तीन डबे घरभर ठेवायचे, ते आपापसात बिनतारी बोलतात. पण दोनच पट्टे असलेल्या मेशमध्ये फोनशी बोलणारा रेडिओच मागच्या डब्याशीही बोलतो, आणि त्यात निम्मा वेग खर्ची पडू शकतो. तिसरा पट्टा राखून ठेवणारे संच असतात, ते चांगले, पण माझ्या गरजेला जास्तच. दुसरा मार्ग जुनाट: तार ओढून नवा राउटर थेट शेवटच्या खोलीत ठेवायचा. कॅट ५ई या नेटवर्कच्या साध्या केबलवरून १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग जातो, घरात त्याहून लांब काय असणार! केबल भिंतीच्या कडेने पट्टीत घातली. दिसायला फार सुंदर नाही, घरच्यांनी एकदा नाक मुरडलं आणि विषय संपला.

एवढं ठरल्यावर यादी फार लहान झाली. वाय-फाय ६ पुरे. ७ समजणारं एकही उपकरण घरात नव्हतं. सगळे पोर्ट, म्हणजे केबल खोचायच्या जागा, गिगाबिट हवेत. हे मुद्दाम पाहावं लागलं, कारण खोक्यावर १२०० लिहिलेल्या काही राउटरांचे पोर्ट १०० मेगाबिटचेच असतात. अ‍ॅक्सेस पॉइंट मोड हवा, म्हणजे राउटरने फक्त वाय-फाय पुरवायचं, बाकीचा कारभार जुन्या डब्याकडेच. डब्ल्यूपीए३ ही वाय-फायची नवी सुरक्षा पद्धत हवी. उत्पादकाच्या साइटवर त्याच मॉडेलचं शेवटचं फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, कधी आलंय तेही पाहिलं, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद पडलेला राउटर मला फुकटही नको. इथे एक खोच आहे: एकाच मॉडेलच्या नावाखाली वेगवेगळ्या आवृत्त्या निघतात आणि आतली चिप वेगळी असू शकते. आवृत्ती डब्याखालच्या लेबलवर असते. एएक्स १५०० वर्गातला एक साधा राउटर या सगळ्यात बसला.

जोडणी सोपी झाली. कंपनीचा डबा होता तिथेच राहिला, नवा राउटर केबलने त्याला जोडून अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकला, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटायचं काम एकाकडेच राहिलं. दोन्हींना एकच नाव आणि एकच पासवर्ड. ५ गिगाहर्ट्झला ३६ नंबरचा चॅनेल दिला. मधले काही चॅनेल रडारबरोबर वाटून घ्यावे लागतात आणि रडार दिसला की राउटरला चॅनेल सोडावा लागतो, ती कटकट नको होती. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिनने उपकरण जोडायची सोय, लगेच बंद केलं. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. हे २०११मध्येच उघड झालेलं आहे, तरी ही सोय अजून राउटरांत दिसते.

टेबलावर आता उणे ४८ येतो. एक कुरबुर उरली होती: दारातून आत येऊन शेवटच्या खोलीत गेलं तरी फोन जुन्या डब्यालाच चिकटून राहायचा. कुठला डबा धरायचा हे मुख्यतः फोनच ठरवतो, आणि माझा फोन सोडायला तयार नव्हता. त्यावर जुन्या डब्याची सिग्नलची ताकद सेटिंगमध्ये ‘मध्यम’वर आणली. आता मधल्या खोलीतून पुढे गेलं की तो मुकाट्याने नव्या राउटरवर जातो.