तुम्ही विचारलंत म्हणून : आधी निकालाची नक्कल बघा

पोलिसांच्या नोंदीतून नाव काढायला धडपडलेल्या माणसांशी बोलायचं, तर विचारायचं काय? सीमाभागात हा अभ्यास करू पाहणारे आम्हाला हे नेहमी विचारतात.

‘केस मिटली का?’ एवढंच विचारू नका. बेळगाव-खानापूरकडे बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. त्यातला एक निर्दोष सुटलेला असतो, दुसऱ्याची फिर्यादीशी तडजोड झालेली असते, तिसऱ्याचा खटला सरकारने मागे घेतलेला असतो. चौथा तारखांना कंटाळून, गुन्हा कबूल करून दंड भरून आलेला असतो. त्याच्या लेखी विषय संपला, पण कागदोपत्री तो दोषी आहे. आदेश अनेकदा कन्नडमध्ये आणि याचं शिक्षण मराठी शाळेत, त्यामुळे आपण दोषी ठरलोय हे त्याला बऱ्याचदा नोकरीसाठीच्या पोलीस पडताळणीच्या वेळीच कळतं. म्हणून मुलाखतीआधी निकालाची प्रमाणित नक्कल मागा आणि शेवटचा आदेश कन्नड जाणणाऱ्या वकिलाकडून वाचून घ्या. नक्कल नसेल तर ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर सीएनआर क्रमांकाने, म्हणजे प्रत्येक खटल्याला मिळणाऱ्या १६ अक्षर-अंकी क्रमांकाने शोधा. नावाने शोधताना फसायला होतं, कारण मराठी आडनाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना बदलतं.

मग एकेक टप्पा विचारा. निकाल पोलीस ठाण्यात कोणी पोहोचवला? रौडी शीट, म्हणजे ठाण्यात गुंड म्हणून उघडलेली नोंद, होतं का? निर्दोष सुटलं तरी ते आपोआप बंद होत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, बेळगाव शहरात पोलीस आयुक्तांकडे आणि खानापूर-निपाणीकडे जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे. गुन्हाच रद्द करून घ्यायचा तर कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ गाठायचं. वकिलाची फी आणि बुडालेली मजुरी दोन्ही विचारा. घटनेच्या वेळचं वय तर विचाराच. प्रौढांची नोंद सरसकट पुसणारा कायदा आपल्याकडे नाही, पण अल्पवयीनांसाठी २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम २४मध्ये नोंद नष्ट करण्याची तरतूद आहे, काही अपवाद सोडून. हे माहीत नसल्यामुळे कोणी मागतच नाही, याची फार हळहळ वाटते.

१ नोव्हेंबरला सीमाभागातले मराठी लोक पाळतात त्या काळ्या दिनाच्या निषेध फेरीतली केस माणूस चारचौघांत सांगतो, चोरीची बायकोसमोरही सांगत नाही. तेव्हा घरी बोलू नका. नाव आणि गुन्हा क्रमांक एकाच वहीत लिहू नका. छोट्या गावात तारखेवरूनही माणूस ओळखू येतो.

शेवटी नोकरीचा पडताळणी फॉर्म पुढे ठेवा. ‘तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का?’ या रकान्यात काय लिहाल, ते विचारा. निर्दोष सुटलेले अनेक जण ‘नाही’ म्हणतात. पण प्रश्न शिक्षेचा नसून गुन्हा दाखल झाल्याचा आहे, आणि माहिती दडवली एवढ्यावरूनही नोकरी जाऊ शकते. मुलाखत आटोपली की हे त्यांना नीट समजावून सांगा.