अग्निवीर भरती: एक सेकंद आणि बारा गुण

अग्निवीर भरतीच्या मैदानावर 1.6 किलोमीटर 5 मिनिटं 30 सेकंदांत मारलं की 60 गुण. 5:31 लागले की 48. एका सेकंदात बारा गुण जातात आणि हा सेकंद बहुतेक मुलं पहिल्याच राउंडला घालवतात.

400 मीटरच्या ट्रॅकवर चार राउंड, म्हणजे एक राउंड साडेब्याऐंशी सेकंदांत. शिट्टी वाजली की घोळका सुसाट सुटतो. पहिला राउंड 70 सेकंदांत मारणाऱ्याचे पाय तिसऱ्या राउंडला दगड होतात आणि तो राउंड नव्वदीच्या पुढे जातो. त्यापेक्षा 80, 81, 81, 78 असं धावा, 5:20 होतात. हे वरचे दहा सेकंद हवेतच, कारण गर्दीत आतली कड मिळत नाही. दुसऱ्या लेनमधून धावलं तर दर राउंडला सात मीटरच्या वर जादा पडतं. चार राउंडला जवळपास तीस मीटर, म्हणजे साधारण सहा सेकंद गेले.

रोज 1600 मारून टायमिंग उतरत नाही, ही चूक गावोगाव दिसते. आठवड्यात दोनच दिवस जोराचे ठेवा. एका दिवशी 400 मीटरचे सहा तुकडे, प्रत्येक 78 ते 80 सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. दुसऱ्या दिवशी 800 चे तीन, प्रत्येकी 2:40. एक दिवस सात-आठ किलोमीटर, शेजारच्याशी बोलता येईल इतक्या सावकाश. बाकी हलकं, आणि एक दिवस पूर्ण आराम. दहा-बारा आठवडे हातात हवेत. जाहिरात आल्यावर सुरुवात केली तर नडगी धरतेच.

नडगीचं दुखणं अंगावर काढू नका. अंतर एकदम वाढवलं, त्यात डांबरी रस्ता आणि झिजलेले बूट, की ते येतं. अंगठ्याने हाड दाबत खाली या. वीतभर पट्टा दुखत असेल तर धावणं निम्मं करा, मातीवर या, पोटऱ्यांचा व्यायाम वाढवा. पण एकाच बोटाएवढ्या जागी कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्या. धावणं थांबवून डॉक्टर गाठा. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ही चीर दिसतेच असं नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता बीम, म्हणजे आडव्या दांड्याला लटकून हनुवटी वर नेणं (पुल-अप). दहाला 40 गुण, नऊला 33, आठला 27, सातला 21, सहाला 16. बीम येतो धावण्यानंतर, हात-छाती भरून आलेली असताना. म्हणून ताज्या अंगाने दहा निघणाऱ्याचे मैदानात सात-आठच निघतात. घरी तेरा निघायला हवेत आणि आठवड्यातून एकदा तरी 1600 नंतर दहा मिनिटांत बीम धरायची सवय हवी. एकही निघत नसेल तर स्टुलावरून हनुवटी दांड्याच्या वर न्या आणि पाच सेकंद मोजत खाली या. असे पाचाचे चार सेट, दिवसाआड. शेवटी नुसतं लटकून राहा. पाठीआधी पकड सुटते, ती अशीच पक्की होते. झोका घेतलेला किंवा कोपर सरळ न करता मारलेला बीम मोजत नाहीत, तेव्हा सरावातही तो धरू नका.

नऊ फुटी खड्डा ओलांडणं आणि झिगझॅग बॅलन्स (नागमोडी अरुंद पट्टीवरून तोल सांभाळत चालणं) यांना गुण नाहीत, पास व्हावं लागतं. खड्ड्यावर मुलं अडखळतात ती कडेला आल्यावर पावलं बदलल्यामुळे. उडीचा पाय ठरवा, दहा-बारा पावलांची धाव मोजून ठेवा, नजर पलीकडच्या काठाच्याही पुढे असू द्या.

मैदानाआधी कुणी 'दम वाढवायचं' इंजेक्शन देऊ केलं तर साफ नाही म्हणा. त्यात जीव जाऊ शकतो. आदल्या रात्री नेहमीची भाकरी-भाजी किंवा वरण-भात, धावण्याच्या दोन तास आधी एक-दोन केळी आणि घोट-घोट पाणी एवढं पुरतं. नंबर पहाटे लागू शकतो, म्हणून शेवटचे दोन आठवडे सरावही पहाटेच करा.