गोंद न लावता केलेले हलव्याचे दागिने

लेकीच्या बोरन्हाणाचे दागिने घरी करायचे ठरलं ते गोंदामुळे. डिसेंबरात बाजारात तयार संच पाहिले. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, हार, बांगड्या, सगळं देखणं होतं. पण उलटून पाहिलं की पुठ्ठ्यावर वाळलेला गोंद, मध्ये मध्ये चमक्या आणि प्लास्टिकचे मोती. दीड वर्षाचं मूल हाताला लागेल ते आधी तोंडात घालतं. हलवा हा तर मुळात खाऊ. तो अंगावर घालायचा आणि मुलाला चाखू द्यायचा नाही, हे मला पटेना.

आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, आमच्याकडे कुठे होता गोंद? दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा बांधायचो. नाताळच्या सुट्टीत ये इकडे, हलवाही घरीच करू."

इकडे म्हणजे नाशिकला. मी राहते ठाण्यात, आणि ठाण्याच्या हवेत हलवा करणं फार अवघड. साखर हवेतला दमटपणा ओढून घेते, दाणा चिकट राहतो, काटा फुटत नाही. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी आणि गार असते. जवळच्या निफाडचा पारा तर दरवर्षी पेपरात पहिल्या पानावर येतो. हलव्याला लागते ती हीच हवा.

आता हलव्याची कृती जरा सविस्तर सांगते, कारण सगळी मेहनत तिथेच आहे. हलव्याच्या पोटात काहीतरी दाणा लागतो. तीळ, खसखस, साबुदाणा, मगज, लवंग, बडीशेप, शेंगदाणा, काहीही चालतं. दागिन्यांसाठी बरेच जण साबुदाणा घेतात, कारण मणी गोल येतो. आईने तो नको म्हटलं, लहान मुलाला फार कडक लागतो. आम्ही पांढरे तीळ घेतले. निवडले, धुऊन कापडावर सुकवले आणि अगदी हलके भाजले. बारीक कामासाठी थोडी खसखस घेतली आणि लांबट मण्यांसाठी मगज.

पाक दोन वाट्या साखरेला एक वाटी पाणी असा. उकळी आली की चमचाभर दूध घालायचं म्हणजे मळी वर येते, ती काढून पाक गाळून घ्यायचा. तो एकतारीच्या थोडा अलीकडेच उतरवायचा. मी सवयीने लिंबू हातात घेतलं होतं, आईने थांबवलं. लिंबाने पाकाची साखर होत नाही, आणि इथे तर साखर व्हायलाच हवी असते. पाकाचं भांडं गरम पाण्यात बसवून ठेवलं, म्हणजे तो घट्ट होत नाही.

आईकडे जुनी कोळशाची शेगडी आहे. ती गच्चीवर नेली. निखाऱ्यांवर राख पसरून धग कमी केली आणि वर परात ठेवली. गॅसवरही करतात, बारीक आचेवर तव्यावर परात ठेवून. पण राखेची धग सगळीकडून सारखी लागते, हे मी स्वतः पाहिलं. परातीत पाव वाटी तीळ, त्यावर चमचाभर पाक, आणि मग बोटांच्या टोकांनी गोल गोल हलवत राहायचं. दाणे आधी एकमेकांना चिकटतात, मग सुटतात, मग कोरडे होऊन परातीत खडखड वाजायला लागतात. तो आवाज आला की पुढचा चमचा.

पाक एकदम जास्त घातला तर तिळांचे गठ्ठे होतात. धग वाढली तर साखर पिवळी पडते. हात जोरात फिरवला तर आलेले काटे मोडतात आणि परातीत नुसती पिठी साखर जमते. ती मधून मधून चाळून काढावी लागते. सुरुवातीला कितीतरी वेळ दाणा फक्त पांढरा आणि गुळगुळीत होत जातो, काट्याचा पत्ताच नसतो. इथेच बहुतेक लोक कंटाळून सोडून देतात असं आई म्हणाली. नंतर मात्र दाण्यावर बारीक उंचवटे दिसायला लागतात, आणि एकदा ते आले की पुढचा पाक त्यांच्याच टोकांवर बसत जातो. मग काटा भराभर वाढतो.

हे काम एका बैठकीत होत नाही. सकाळी उन्हं यायच्या आत काही तास, मग हलवा पातळ कापडावर पसरून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा शेगडी. बोटांना चटका बसतो, म्हणून आम्ही आळीपाळीने बसलो. आई, मी, भाऊ आणि वहिनी. बाबांनी पाक सांभाळला आणि निखारे. सहा वर्षांच्या भाच्याकडे चाळण्या दिल्या. शेगडीपासून लांब बसून त्याने हलव्याची मोठा, मध्यम, बारीक अशी वाटणी केली, आणि इतकी चोख केली की पुढे ओवताना आम्हाला एकही दाणा शोधावा लागला नाही. मुलांना सणाच्या कामात घ्यायचं तर असं काम द्यावं, ज्याच्यावाचून खरोखर अडेल. हातात उगाच काहीतरी देऊन बसवलं तर त्यांना ते लगेच कळतं.

माझी मावसबहीण जपानमध्ये असते. तिला फोटो पाठवले तर ती म्हणाली, हे तर कोनपेइतो! तिथेही अशीच काटेरी साखरगोळी करतात. 16व्या शतकात ती पोर्तुगीजांबरोबर जपानात पोहोचली. लुईस फ्रोइश या पाद्र्याने 1569 मध्ये ओदा नोबुनागाला ती काचेच्या बाटलीतून भेट दिल्याची नोंद आहे. तिथले कारागीर तिरक्या फिरत्या कढईत थोडा थोडा पाक सोडत साधारण दोन आठवडे एकच घाणा फिरवत ठेवतात. हे ऐकल्यावर आईला फार आनंद झाला. तिच्या परातीतलं काम जगाच्या दुसऱ्या टोकालाही कुणीतरी तेवढ्याच धीराने करतं, हे तिने शेजारी सगळ्यांना सांगितलं.

हलवा स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठाण्याला आणला. डब्यात तळाला कोरड्या तांदळाची पुरचुंडी, दमटपणा शोषायला. डबा पाण्याच्या ताटलीत ठेवला, मुंग्यांसाठी. ओवण्याचं काम इथे सासूबाईंच्या हाताखाली झालं. त्यांनी स्वतःच्या पहिल्या संक्रांतीचे दागिने त्यांच्या आजेसासूबाईंकडून करून घेतले होते, आणि तेव्हा शिकलेली गाठ त्यांच्या बोटांना अजून आठवत होती.

गाठ अशी. शिवणाचा बारीक दोरा घ्यायचा नाही, तो काट्यांत रुततो आणि दाणा फुटतो. क्रोशाचा पांढरा सुती दोरा दुहेरी घ्यायचा. त्याची सरकगाठ करून फासात हलव्याचा दाणा धरायचा आणि दोन काट्यांच्या मधल्या खाचेत दोरा बसेल असं बघत हळूच ओढायचं. काटा दोऱ्याला धरून ठेवतो. गुळगुळीत दाणा निसटतो, म्हणून तर काट्यासाठी एवढा खटाटोप. लगेच शेजारी दुसरा फास, दुसरा दाणा. सासूबाई सांगत, "ओढू नकोस, बसव." दोन्हींतला फरक हाताला कळायला वेळ लागतो. हात कोरडे हवेत, म्हणून आम्ही दुपारी, स्वयंपाकघर आवरल्यावर, जेवणाच्या टेबलावर कापड पसरून बसायचो. रात्री लेक झोपल्यावर नवराही येऊन बसला. त्याची बोटं मोठी, पण गाठ आमच्यापेक्षा घट्ट बसायची. दोन्ही बांगड्या त्याच्या आहेत.

कंबरपट्टा आणि मुकुट नुसत्या दोऱ्यावर उभे राहत नाहीत. तिथे जुन्या काळ्या सुती परकराचं कापड घेतलं, दुहेरी करून पट्ट्या शिवल्या आणि ओवलेल्या सरी त्यावर टाक्यांनी बसवल्या. मुकुटाच्या पट्टीत आधाराला वहीच्या कव्हराचा पुठ्ठा आत घातला, कापडात पूर्ण झाकून. कडेला सोनेरी गोटा, तोही शिवूनच. टाचणी, हूक, टिकली असं काहीच वापरलं नाही, सगळीकडे मागे बांधायच्या नाड्या. हाराचा दोरा मात्र मुद्दाम एकेरी ठेवला. कुठे अडकला, कुणी ओढला, तर गळ्याला काच न बसता तुटावा म्हणून. घरी करणाऱ्या प्रत्येकीने एवढं नक्की करावं. हाराची शोभा यात जराही कमी होत नाही.

पेठेतल्या जुन्या बायका नववधूसाठी याच गाठीने तन्मणी, नथ, मेखला, तोडे करायच्या असं सासूबाई सांगत होत्या. खसखशीच्या हलव्याची नथ करायची माझी फार इच्छा होती, पण तो दाणा इतका बारीक की लहान मुलाच्या नाकाजवळ नको वाटला. त्याची फक्त बाजूबंदावर एक ओळ बसवली.

मधल्या काळात संक्रांत आली आणि गेली. भोगीला मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी, संक्रांतीला गुळाची पोळी. पोळीच्या सारणात तिळाच्या कुटाइतकंच महत्त्व खमंग भाजलेल्या बेसनाला आहे. ते नसेल तर गूळ तव्यावर बाहेर पळतो.

बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. यंदा, 2026 मध्ये, रथसप्तमी 25 जानेवारीला रविवारीच आली, त्यामुळे तोच दिवस धरला. नाशिकची मंडळी आदल्या रात्री आली. आईने काळ्या खणाचं झबलं शिवून आणलं होतं. एरवी लहान मुलाला काळं नेसवत नाहीत, संक्रांतीला मात्र काळंच, थंडीत ते ऊब धरतं म्हणून.

पाटाभोवती रांगोळी, पाटावर लेक, तिला धरून मागे आत्या. औक्षण झालं. मग एकेक दागिना. कंबरपट्ट्यापर्यंत तिने सगळं घालू दिलं. मुकुट बांधायच्या आधी उजव्या हातातल्या बांगडीकडे तिचं लक्ष गेलं. तिने ती तोंडाशी नेली आणि चाटली. खोलीतल्या सगळ्या बायका एकदम "अगं अगं" करायला लागल्या. मी म्हटलं, "चाटू द्या, साखर आहे नुसती." चावून दाणा सुटणार नाही एवढी नजर मात्र तिच्यावर होती. मुकुट मग बांधला, तो फोटोपुरता टिकला.

डोक्यावरून ओतायचं मिश्रण आम्ही दोन वेगळ्या भांड्यांत केलं होतं, आणि हे सगळ्यांनी करावं असं मला मनापासून वाटतं. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, शेंगा, रेवड्या, हलवा हे सगळं हवंच, जमलेली पोरं त्यासाठीच येतात. पण शेंगदाणा, बोराची बी, हलव्याचा कडक दाणा अगदी लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. म्हणून लेकीच्या डोक्यावरून फुलपात्राने ओतले ते चुरमुरे आणि वर हाताने टाकलेले बत्तासे. बाकीचं सगळं मोठ्या मुलांच्या घोळक्यात दोन पावलं पलीकडे उधळलं. लूट तशीच जोरात झाली. भाच्याने फ्रॉकवाल्या दोन छोट्या मुलींना आपल्या ओंजळीतले बत्तासे दिले आणि शेंगा स्वतःकडे ठेवल्या. कारण विचारलं तर म्हणाला, "त्या लहान आहेत, आत्या." हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. चाळण्या घेऊन बसला असताना आमचं बोलणं त्याने ऐकलं असणार.

संध्याकाळी हळदीकुंकू. वाण म्हणून सासूबाईंनी जुन्या साड्यांच्या भाजी आणायच्या पिशव्या शिवल्या होत्या, आत तिळाची वडी आणि उरलेल्या हलव्याची पुडी. येणारी प्रत्येक जण दागिने उलटून बघत होती आणि गाठ दाखवा म्हणत होती. समोरच्या घरातल्या सुनेला मे महिन्यात बाळ व्हायचंय. ती टेबलाशी बसून चार दाणे ओवूनच गेली.

दुसऱ्या दिवशी हार आणि बांगड्या कात्रीने मोकळ्या केल्या. तो हलवा कुटून दुधात विरघळवला आणि लेकीला दिला. मुकुटाची पट्टी, कंबरपट्टा आणि बाजूबंद तांदळाच्या पुरचुंडीसह डब्यात बंद आहेत. पावसाळ्यात हलवा त्यांवर टिकला तर उत्तम. नाही टिकला तर कापड धुऊन पुन्हा कामाला येईल, आणि लेकीची कंबर वाढली तरी बांधता येईल इतक्या लांब नाड्या त्याला आहेत.