आत गेलेल्या माणसाचा बंदी क्रमांक आधी लिहून घ्या

घरातला माणूस न्यायालयीन कोठडीत गेला की पहिले दोन दिवस सगळं घर वकिलामागे धावतं. धावायलाच हवं. पण त्याच दोन दिवसांत आणखी एक काम करायचं असतं आणि तेच राहून जातं. तुरुंगात त्याची नोंद नेमक्या कोणत्या नावाने झाली आणि बंदी क्रमांक (कैद्याचा नंबर) काय पडला, हे अक्षर न् अक्षर लिहून घ्यायचं. मुलाखत (म्हणजे भेट), पैसे, पत्र, सुटका, पुढचं सगळं या दोन गोष्टींवर चालतं. आधारवर 'संभाजी', एफआयआरमध्ये 'संभा', वॉरंटवर वडिलांचं नावच वेगळं, हे आपल्याकडे सर्रास होतं. फरक सापडला तर वकिलाला त्याच दिवशी सांगा. सुटकेच्या संध्याकाळी तो सापडला तर माणसाची आणखी एक रात्र आत जाते.

दुसरी गोष्ट, तो आहे कुठे? खटला साताऱ्यात किंवा सांगलीत चालू असला तरी माणूस तिथल्याच जिल्हा कारागृहात राहील असं नाही. दोन्ही जागा लहान. (सांगलीचा तुरुंग म्हणजे १९४३ साली वसंतदादा पाटील साथीदारांसह जिथून निसटले तोच.) गर्दी झाली, सुरक्षेचं कारण निघालं किंवा मोठी शिक्षा लागली की कोल्हापूरचं कळंबा नाहीतर पुण्याचं येरवडा मध्यवर्ती कारागृह. हलवल्याचं घरी आधी कळेलच याची खात्री धरू नका. जतहून पहाटेची एसटी धरून सांगलीत उतरायचं आणि गेटवर 'कळंब्याला पाठवला' हे ऐकायचं, यात दिवस आणि मजुरी दोन्ही जातात. निघण्याआधी फोन करा, नाहीतर वकिलाकडून खात्री करून घ्या.

मुलाखतीची नोंदणी ई-प्रिझन्स या तुरुंगांच्या सरकारी संकेतस्थळावर 'ई-मुलाखत'मधून करता येते. तिथे राज्य, कारागृह, बंद्याचं नाव, तुमचं नाव, नातं, ओळखपत्राचा क्रमांक आणि मोबाइल नंबर भरायचा. प्रत्यक्ष भेट हवी की व्हिडिओवर, तेही तिथेच निवडायचं. अर्ज मंजूर झाल्याचं कळल्याशिवाय घर सोडू नका. जाताना मूळ ओळखपत्र न्या, झेरॉक्सवर अडवतात. कच्च्या कैद्याला (ज्याचा खटला अजून चालू आहे) आणि शिक्षा झालेल्याला मुलाखती सारख्या मिळत नाहीत, त्यामुळे वार आणि वेळ आधी विचारून घ्या. वेळ मिनिटांत मोजलेली असते. म्हणून घरून तीन-चार मुद्दे कागदावर लिहून न्या. पोरांची शाळा, उसाचं बिल, आईची तब्येत, पुढची तारीख. केसमधले साक्षीदार आणि पुरावे हा विषय तिथे काढू नका, तो वकिलासाठी ठेवा. लहान मुलं काचेपलीकडच्या बापाला बघून बावरतात. राज्यातल्या काही कारागृहांत 'गळाभेट' हा उपक्रम होतो, त्यात मुलांना जवळ बसून भेटता येतं. तो कधी आहे याची चौकशी करत राहा.

पैसे द्यायचे ते बंद्याच्या खात्यावर, कारागृह सांगेल त्याच मार्गाने. मनीऑर्डर करत असाल तर पूर्ण नाव, बंदी क्रमांक आणि 'मार्फत अधीक्षक' हे तिन्ही लिहा. त्या पैशांतून तो कँटीनमधून साबण, तेल, बिस्किटं घेतो. महिन्याला किती चालतात याला मर्यादा आहे. 'आत सोय करतो, यूपीआय करा' असा फोन आला तर ठेवून द्या, मग बोलणारा कितीही ओळखीचा वाटो. आणि डब्यातून, कपड्यांतून तंबाखूची पुडीसुद्धा नको. झडतीत सापडली तर भेटी बंद होतात आणि वर गुन्हा.

पत्राला लोक हसतात, पण अडीच रुपयांचं आंतरदेशीय पत्र बराकीत दहा वेळा वाचलं जातं. ते आत देण्याआधी उघडून वाचतात, हे धरूनच लिहा. तारीख आणि पत्राचा क्रमांक टाका, म्हणजे मधलं एखादं गहाळ झालं तर लक्षात येतं.

औषधं हातात देता येत नाहीत. मधुमेह, फिट, रक्तदाब असेल तर जुनी चिठ्ठी आणि रिपोर्टच्या प्रती कारागृहाच्या डॉक्टरपर्यंत पोहोचवा. तरी भागलं नाही तर वकिलामार्फत कोर्टात उपचारांचा अर्ज द्या.

तारखा वकिलावर सोडून बसू नका. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या ॲपवर केसचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते. तारखेला माणूस आणलाच नाही, 'पार्टी मिळाली नाही' असं उत्तर येईल. पार्टी म्हणजे ने-आण करणारे पोलिस. अशा वेळी व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) तरी हजर केलं का, हे वकिलाला विचारायला लावा.

दिवस मोजणं हे घरच्यांचंच काम. पहिल्या रिमांडचा, म्हणजे कोर्टाने पहिल्यांदा कोठडी दिल्याचा दिवस धरून मोजा. गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र (चार्जशीट) आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, पण अर्ज दोषारोपपत्र येण्याआधी पडला पाहिजे. एक दिवस चुकला की हक्क गेला. खटला रेंगाळला तर जामिनासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम ४७९ बघा. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि पूर्वी कधीच शिक्षा झाली नसेल तर एक तृतीयांश काळ आत गेला असेल, तर ते लागू होऊ शकतं. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते नाही आणि एकापेक्षा जास्त केस चालू असतील तरी नाही.

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला, हा सगळ्यात मोठा गैरसमज. खरी अडचण जामीनदाराची. ताजा सातबारा, आठ-अ, आधार, रेशनकार्ड, फोटो आणि मागितला तर तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो, नाहीतर पाच भावांचं सामाईक खातं, आणि मग जामीनदाराच्या हिश्शाला किती येतं यावर प्रश्न निघतो. म्हणून जामीन व्हायच्या आधीच दोन जामीनदार तयार ठेवा, एक शेतीवाला आणि एक पगारदार. वेळ लागणार असेल तर तात्पुरत्या रोख जामिनाची विनंती वकिलाला करायला सांगा. हमीच देता येत नसेल आणि महिना उलटला तर अटी सैल करण्याचा विचार कोर्ट स्वतःहूनही करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे. दुसऱ्या एखाद्या जुन्या केसचं वॉरंट बाकी असेल तर गेटवर पुन्हा थांबवतात. ते आधीच विचारून घ्या.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, सातारा आणि सांगली दोन्हीकडे आहे. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो. हेल्पलाइन १५१००. कमावता माणूस आत असेल तर मुलांसाठी बालसंगोपन योजनेची चौकशी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करा. शेजारी काय म्हणतील म्हणून हा अर्ज टाळणारी घरं बरीच आहेत. पोरांच्या वह्या शेजारी आणून देत नाहीत.

शिक्षा लांबची असेल तर आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत माहीत असू द्या. औंध संस्थानाने १९३९ साली सुरू केली. चांगल्या वर्तणुकीचे निवडक बंदी तिथे कुटुंबासह राहून शेती करतात. संचित (फर्लो) किंवा अभिवचन (पॅरोल) रजेचा अर्ज टाकला की गावच्या पोलिस ठाण्याकडून अहवाल मागवतात. हवालदार घरी येऊन जामीनदाराचा आणि शेजाऱ्यांचा जबाब घेतो. त्या आठवड्यात ऊसतोडीला, पाहुण्यांकडे जाऊ नका. घराला कुलूप दिसलं तर अहवालात तेच लिहून जातं.